उभ्या गाडीचं तेल

परवा फोनवर तुम्ही दोघं सांगत होतात, की तुमच्या शहरात गाडीत एकटाच माणूस असेल तर त्याला रस्त्याच्या एका मोकळ्या पट्ट्यातून जाता येत नाही. तो पट्टा भरलेल्या गाड्यांसाठी राखून ठेवतात. तुम्हाला ते फार नव्या काळातलं वाटत होतं. मी हसले, तुम्ही विचारलंत, "आजी, हसतेस का?" तेव्हा सांगायला बसले असते तर तुमची बस चुकली असती, म्हणून आता सावकाश लिहिते आहे.

दिग्रसला आम्ही ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्या घरमालक काकांचा हाच नियम होता. फक्त तो त्यांनी शहराला नाही, स्वतःच्या फिकट निळ्या फियाटला लावला होता. सगळ्या जागा भरल्याशिवाय ती गाडी दारातून हलायची नाही. यवतमाळला जायचं असलं की काका सकाळी ओट्यावर उभे राहून, काळीपिवळी जीपवाला एसटी स्टँडवर ओरडतो तसं ओरडायचे, "यवतमाळ! एक जागा! एकच जागा राहिली!" काळीपिवळीवाला पैसे घेतो, हे घ्यायचे नाहीत, एवढाच फरक. गल्लीतल्या बायकांना ते सवयीचं झालं होतं. कुणाला दवाखान्यात, कुणाला माहेरी, कुणाला नुसतं बाजारात भांडी बघायला जायचं असे, त्या पदर सावरत येऊन बसायच्या.

तुमच्या आजोबांना एकदा यवतमाळला कार्यालयाच्या बैठकीला तातडीने जायचं होतं. काका म्हणाले, "चला, मीही निघालोच आहे." पण एक जागा रिकामी. शेवटी रस्त्याने चाललेल्या एका म्हाताऱ्याला काकांनी गाडीत बसवलं. तो म्हणाला, "पण मले दारव्ह्याले उतराचं हाये."

"बस तर खरा," काका म्हणाले.

दारव्हा आलं, म्हातारा उतरला आणि जागा पुन्हा रिकामी झाली. काकांनी गाडी चहाच्या टपरीपाशी लावली, इंजिन बंद केलं आणि आरामात चहा मागवला. तुमचे आजोबा घड्याळ बघत होते. काका येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते. अखेर एक मास्तर तयार झाले आणि गाडी हलली. आजोबा बैठकीला पोचले तेव्हा लोक बाहेर पडत होते. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "हा माणूस चक्रम आहे. उद्यापासून मी एसटीने जाणार." काकांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. "एसटी तर सगळ्यात उत्तम! माझ्या गाडीत जेमतेम पाच माणसं. तिच्यात पन्नास!"

काका सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनियर होते. नोकरीच्या काळात त्यांनी जिल्हाभर रस्ते केले होते, पांढरकवड्याकडचे, मारेगावकडचे, जंगलातले, काळ्या मातीतले. निवृत्त झाल्यावर त्यांना दिसलं, की आपण बांधलेल्या रस्त्यांवर गाड्या धावतात कमी आणि उभ्याच जास्त असतात. त्याचा त्यांना मनस्वी राग होता. "मी रस्ते जाण्यासाठी बांधले," ते म्हणायचे. "उभं राहायला ओटे असतात." आणि त्यांचं दुसरं वाक्य गल्लीतल्या पोरांनाही पाठ होतं: "उभ्या गाडीनं प्यालेलं तेल कुठेच पोचत नाही."

कुठेही चालू इंजिनाची उभी गाडी दिसली की काकांचे पाय आपोआप तिकडे वळायचे. बॉनेटवर बोटाच्या पेराने दार वाजवावं तसं टकटक वाजवायचे. ड्रायव्हरने मान बाहेर काढली की म्हणायचे, "तू पानाच्या ठेल्यावर जाऊन आलास, हे बिचारं इंजिन कोणासाठी ओरडतंय?" काही लोक हसून किल्ली फिरवायचे. काही म्हणायचे, "काका, डिझल तुमच्या बापाचं हाये का?" काका शांतपणे सांगायचे, "नाही. तुझ्या बापाचंही नाही. ते बाहेरदेशातून येतं." आणि मग तिथेच देशाचा पैसा, हवेतली काजळी, जमिनीतलं संपत चाललेलं तेल असं सगळं सुरू व्हायचं. ऐकणारा त्याआधीच गिअर टाकून निघून जायचा. एका अर्थी काकांचं काम झालेलं असायचं.

सगळं गाव त्यांना कंजूष समजत असे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं, पण माझं मन ते मानेना. कंजूष माणूस भाडेकरूच्या घरी आंब्याची पेटी पाठवत नाही. कंजूष माणूस पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढताना तुपाची धार आवरतो, काका आवरायचे नाहीत. मग पेट्रोल आणि डिझेल यांच्यापुरताच हा माणूस असा का? ते कोडं मला सुटेना, म्हणून मी त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्यायला लागले.

तेव्हा एक गोष्ट दिसली. कापसाच्या दिवसांत काका रोज सकाळी ओल्या फडक्याने पुढच्या खोलीच्या खिडकीची चौकट पुसायचे. पुसून झालं की फडकं उलटं करून उजेडात धरायचे आणि बघत राहायचे. फडकं काळं झालेलं असायचं. मग खिडकी घट्ट लावून घ्यायचे.

दुसरी गोष्ट आधीपासून डोळ्यांसमोर होती, पण मी तिचा विचार केला नव्हता. दिवाळी झाली की काकू नागपूरला मुलीकडे जायच्या आणि होळीला परत यायच्या. मला वाटायचं, नातवंडांची ओढ असेल. त्या नसताना काका स्वतःच खिचडी लावायचे आणि ती रोज करपायची. वास आमच्याकडे यायचा.

एकदा काकू निघायच्या तयारीत असताना मी सहज म्हणाले, "मजा आहे काकू तुमची. चार महिने लेकीकडून लाड."

काकू पेटी भरत होत्या. थांबल्या. "कसले लाड गं? चार महिने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात हळदीचा डबा कुठे आहे ते विचारत राहायचं. जावई चांगला आहे, लेक चांगली आहे. पण मी तिथं पाहुणीच." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला दमा आहे. हा धूर सुरू झाला की इथं श्वास घेता येत नाही. कोणाला सांगू नकोस."

मला एकदम सगळा उलगडा झाला. मी म्हटलं, "पण काका तर दिवसभर लोकांशी भांडतात, गाड्या बंद करा म्हणून. त्यांना हेच सांगायचं ना सरळ!"

"मीच शपथ घातली आहे," काकू म्हणाल्या.

"का?"

काकू पेटीचं झाकण दाबून बसवत राहिल्या.

आता तुम्हाला धूर कुठून यायचा ते सांगायला हवं. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडले होते. व्यापारी आणखी पाडून मागायचे, म्हणून जो तो सरकारी खरेदी केंद्रावर कापूस आणायचा. केंद्र एक दिवस चालू, दोन दिवस बंद. मग आतल्या जागेत न मावलेली रांग फाटकाबाहेर यायची आणि वाढत वाढत आमच्या घरावरून पार पुढे जायची. बैलगाड्या असायच्याच, पण जास्त ट्रॅक्टर, मागे कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या, मधूनमधून ट्रक. शेतकरी ट्रॉलीखालीच झोपायचे, तिथेच भाकरी खायचे. रांग थोडी सरकायची, थांबायची, पुन्हा थोडी सरकायची. आणि इंजिनं चालूच. कारण विचारलं तर ते म्हणायचे, "बॅटरी बसली हाये. बंद केलं तं धक्का माराले तुमी येता का?" आणि ते खरंही होतं. बंद पडलेला ट्रॅक्टर भर रांगेत सुरू झाला नाही तर मागचा पुढे घुसणार. त्यामुळे तो काळा धूर दिवसभर आमच्या दारात उभा असे.

मी सांगते आहे त्या वर्षी दिवाळीनंतर काकूंनी पेटीच बाहेर काढली नाही. काकांना म्हणाल्या, "या वर्षी मी जाणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे." त्या दिवसापासून काका ओट्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि काही दिवसांनी त्यांनी एक युक्ती काढली.

घराला लागून त्यांचा एक मोठा रिकामा प्लॉट होता. एका बाजूला चांगला उतार. काका रांगेतल्या लोकांना म्हणाले, "ट्रॉल्या माझ्या प्लॉटमध्ये सोडा. ट्रॅक्टर उतारावर लावा, म्हणजे बॅटरी नसली तरी ढकलला की सुरू होईल. रांगेत गाडी उभी करायची गरजच नाही. रांगेत पिन ठेवा."

ही पिन म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला अडकवायची जाड लोखंडी कांब. तिच्याशिवाय ट्रॉली ओढता येत नाही. रेशनच्या दुकानापुढे लोक स्वतः उभं राहण्याऐवजी पिशव्या आणि चपला रांगेत ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. काकांच्या ओट्याच्या कडेला ओळीने पिना मांडायच्या. फाटकावरून बोलावणं आलं, की पहिल्या पिनेचा मालक ती उचलणार, ट्रॉली जोडणार आणि थेट आत जाणार.

मला व्यवस्थितपणाची खोड. मी म्हटलं, "काका, त्यापेक्षा नंबराच्या चिठ्ठ्या द्या."

"चिठ्ठी विकता येते," काका म्हणाले. "पिन विकली तर ट्रॉली ओढणार कशानं? रांग हाच नंबर."

लोक आधी हसले. पुसदकडचा एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा शेतकरी, त्याला सगळे आबाजी म्हणत, तो म्हणाला, "करून पाहू न बावा. बुढा जागा फुकट देऊन राह्यला, आपलं काय जाते?" त्याने पहिली पिन ठेवली. मग दुसऱ्याने ठेवली. दोन दिवसांत ओट्याची कडा भरली आणि रस्ता मोकळा झाला. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण आमच्या रस्त्यावर चिमण्या ऐकू यायला लागल्या. ट्रॅक्टरवाले उतारावर पत्ते खेळत बसायचे. काकांचा उत्साह तर विचारू नका. ओट्यावरून फिरताना एखादी पिन तिरकी दिसली की सरळ करायचे, जसं काही मुलं प्रार्थनेला उभी आहेत. काकूंनी पुढच्या खोलीत बसून मेथी निवडली. इतक्या वर्षांत कापसाच्या हंगामात ती खोली त्यांनी पाहिलीच नव्हती.

आणि मग अवकाळी पाऊस आला.

भर दुपारी आभाळ काळं झालं आणि टपोरे थेंब पडायला लागले. उघड्यावर ट्रॉल्या, वर पांढरा कापूस, कुणाकडे ताडपत्री, कुणाकडे नाही. भिजला की केंद्रावर घेत नाहीत. सगळे एकदम ओट्याकडे धावले. फाटकाआतल्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या शेडखाली ट्रॉली न्यायची तर पिन हवी, आणि पिना सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. ज्याच्या हाताला जी लागली ती घेऊन तो पळाला. काका मध्ये उभे राहून ओरडत होते, "ओळीनं! अरे ओळीनं उचला!" त्यांचं कोण ऐकतो? बघता बघता ओटा रिकामा झाला. पाऊसही थोड्या वेळाने थांबला. काही कापूस वाचला, काही भिजला. रांग मात्र पुरती पुसली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ट्रॅक्टर रस्त्यावर. पुढे कोण, मागे कोण, काहीच ठरेना. आता कुणी हाताएवढीही जागा सोडायला तयार नव्हतं. इंजिनं पूर्वीपेक्षा जास्त चालू. काका त्या धुरात उतरले आणि आठवेल तसं सांगायला लागले, "तू याच्या मागे होतास. नाही, थांब, तू..."

"मी कायले याच्या मागं असीन?" एक तरणा ड्रायव्हर उसळला. "चार दिवसापासून पयला होतो मी. तुमच्या पिनीपायी नंबर गेला माहा! घरी बायको बाळंतीण हाये, मी इथं मरून राह्यलो!"

"पयला मी होतो," आबाजी म्हणाले.

"तुमी गप बसा बुढेबाबा!"

त्या पोराने काकांच्या सदऱ्याला हात घातला. मी आमच्या दारातून बघत होते. त्या माणसाचा राग खरा होता.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. काकांच्या अंगावर कुणी धावलेलं त्यांनी खिडकीतून पाहिलं असणार. त्या ओट्याच्या पायरीपर्यंत आल्या, "अरे" एवढाच शब्द निघाला, आणि त्यांचा श्वास अडकला. त्यांनी ओट्याचा खांब धरला. छाती वर-खाली होत होती, आणि तिच्यातून शिटीसारखा आवाज येत होता. मी धावले. त्या पोराचा हात काकांच्या सदऱ्यावरून आपोआप सुटला.

"काय होते काकूले?" आबाजींनी विचारलं.

काका काकूंकडे बघत राहिले. शपथ होती ना. मी पाणी दिलं. काकूंनी दोन घोट घेतले आणि तुटक तुटक स्वतःच म्हणाल्या, "दमा हाये. धूर... सोसत नाही मले."

"मंग काकांनं सांगतलं काहून नाही?" आबाजी चकित होऊन म्हणाले. "मयनाभर आमाले देशाचं तेल अन् परदेशाचा पैसा सांगून राह्यले. आमाले वाटलं, बुढ्याले भाषनाची आवड हाये."

"मीच नाही म्हटलं होतं," काकू म्हणाल्या. दम घेतला. "तुमी थंडीत ट्रॉलीखाली झोपता. तुमच्या कापसाले भाव नाही. तुमच्यापुढं माह्या श्वासाचं काय घेऊन बसू?"

मला पेटी भरतानाचं उत्तर तेव्हा मिळालं. आबाजी मग जे बोलले ते मी कधी विसरले नाही.

"काकू, आमच्याकडं जो येते तो सांगालेच येते. कापूस नोका पेरू म्हनते. हे पेरा म्हनते. धीर धरा म्हनते. मोठमोठ्या गाड्या घेऊन येते, गाडी चालूच ठेवते, सांगते अन् जाते. मांगाले कोनी येत नाही. जसं आमच्यापाशी द्याले काहीच नाही. तुमी मांगून तं पाहा."

काकूंनी खांब सोडला. पदराने चेहरा पुसला.

"मंग मांगतो," त्या म्हणाल्या. "मले होळीपरेंत माह्या घरी राहाचं हाये."

आबाजी वळले आणि हात वर करून ओरडले, "बंद करा रे! साऱ्यायनं बंद करा!" सगळ्यात आधी बंद झालं ते त्या तरण्या पोराचं इंजिन. मग पुढचं, मग मागचं, लांबपर्यंत. ज्यांना कारण ऐकू गेलं नव्हतं त्यांना पुढच्यांनी मागे सांगितलं.

"अन् नंबराचं?" पोराने विचारलं, पण आता आवाज खाली होता.

"ज्याचा कापूस वला झाला तो तसाही वाळवल्याबिगर आत घेत नाही," आबाजी म्हणाले. "ते काकांच्या पलाटात जाऊ द्या, वाळवू द्या. कोरडेवाले पुढं. माहा वला हाये, मी चाललो पलाटात. तुहा कोरडा हाये न? जाय पुढं. बायको वाट पाहून राह्यली तुही."

आता काका हळूच म्हणाले, "पण आबाजी, इंजिन बंद, बॅटऱ्या बसलेल्या. रांग सरकेल कशी?"

आबाजी हसले. "कशी म्हंजे? बैलं मेले का आमचे?"

रांगेत बैलगाड्या होत्याच. एक तगडी जोडी सोडून आणली. पहिल्या ट्रॅक्टरला दोराने जोडली, मागून माणसं लागली, आणि ते भलंमोठं धूड कुरकुरत पुढे सरकलं. मग तीच जोडी दुसऱ्याला. त्या रस्त्याला चढ नव्हता, हे बरं. तो काकांनीच सपाट केलेला होता म्हणे. त्या हंगामात आमच्या घरापासून फाटकापर्यंत रांग अशीच सरकत राहिली. बैलजोडीची पाळी रोज बदलायची. जोडीला वैरण काकांकडून. नवीन कुणी ट्रॅक्टरवाला आला आणि त्याचं इंजिन फुरफुरताना दिसलं, की जुने त्याला सांगायचे, "बंद कर बावा. काकूचं घर हाये." कुणी त्याला देशाचं तेल सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

मला पुढेही बरेच दिवस याचं कुतूहल वाटत राहिलं. काकांचं म्हणणं सगळं खरं होतं, तेल, हवा, पैसा, सगळं. तुमच्या पुस्तकांतही आज तेच छापलेलं असेल. मग ते कुणाला पटलं का नाही? मी एकदा त्यांना हे विचारलं. ते म्हणाले, "मला रस्ता माहीत होता, रस्त्यावरचा माणूस नव्हता माहीत." आणि लगेच, "पण तेल मात्र बाहेरदेशातूनच येतं, हे लक्षात ठेव!"

त्या पहिल्या सकाळचं एक दृश्य तेवढं सांगायचं राहिलं. बैल जोर लावत होते, माणसं मागून रेटत होती, आणि त्यांच्यात काकाही जाऊन उभे राहिले होते. धोतराचा सोगा खोचलेला, दोन्ही तळवे ट्रॉलीच्या फळीला टेकवलेले. जोर लावण्यापेक्षा ते दोराचा कोन तपासत असावेत. काकू आत गेल्या होत्या. पुढच्या खोलीची खिडकी धाडकन उघडली आणि त्यांचा आवाज रस्ता ओलांडून पार पलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेला.

"अहो, नुसते हात काय टेकवता? रेटा की!"